अमेरिकेच्या ‘विक’ कार्यक्रमात स्तनपान पीअर काउन्सेलर होण्यासाठी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

अमेरिकेत गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी चालणारा सरकारी पोषण कार्यक्रम ‘विक’ (WIC) या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्याचा निधी केंद्रीय कृषी खात्याकडून येतो, राज्य पातळीवर बहुतेक ठिकाणी आरोग्य खाते त्याची देखरेख करते, आणि प्रत्यक्ष केंद्रे काउंटीचे (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) आरोग्य कार्यालय, सामुदायिक आरोग्य केंद्र किंवा एखादी ना-नफा संस्था चालवते. या केंद्रांवर आहारतज्ज्ञांच्या बरोबरीने स्तनपान पीअर काउन्सेलर नेमल्या जातात आणि त्यांच्यासाठी २००४ पासून स्वतंत्र केंद्रीय निधी मिळतो. ज्या स्त्रीने स्वतः बाळाला अंगावर पाजले आहे, तिने आपल्याच वस्तीतल्या, आपल्याच भाषेतल्या नव्या आईला धीर आणि माहिती द्यावी, अशी या पदामागची कल्पना आहे. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी स्त्रिया या कामाला योग्य असूनही ‘आपण कुठे नर्स आहोत’ असे म्हणून जाहिरात वाचायचीच सोडून देतात, म्हणून ही माहिती जरा सविस्तर दिली आहे.

पात्रता

परिचारिकेची किंवा आहारशास्त्राची पदवी या पदासाठी लागत नाही. स्तनपानाचा स्वतःचा अनुभव ही मुख्य अट असून तो साधारण सहा महिन्यांचा असावा, अशी अपेक्षा केंद्रीय मार्गदर्शनात आहे. त्याशिवाय भाषा, वय आणि पार्श्वभूमी या बाबतीत उमेदवार केंद्रावर येणाऱ्या मातांशी मिळतीजुळती असावी, तिला स्तनपानाविषयी मनापासून आस्था असावी आणि समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय असावी, असे पाहिले जाते. सध्या किंवा पूर्वी ‘विक’चा लाभ घेतलेल्या स्त्रीला प्राधान्य मिळते, काही केंद्रे तर ती अटच घालतात. लाभासाठीची उत्पन्नमर्यादा केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के असल्यामुळे एकाच पगारावर चालणारी मोठी कुटुंबे कधीकधी त्यात बसतात, आणि कुटुंबातील माणसे मोजताना पोटातले बाळही धरले जाते. शिक्षणाची अट ठिकाणानुसार बदलते. बहुतेक जाहिरातींत हायस्कूल पूर्ण केल्याचा पुरावा मागितलेला असतो, आणि बारावीचे प्रमाणपत्र त्यासाठी चालेल की त्याचे तेथील मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावे लागेल, हे अर्जापूर्वीच विचारून घ्यावे.

भाषेबद्दलही वास्तव जाणून असलेले बरे. केवळ मराठी येते म्हणून एखादे केंद्र नेमणूक करील, असा भरवसा धरू नये. हिंदी, उर्दू किंवा गुजराती बोलता येत असेल, तर दक्षिण आशियाई वस्ती असलेल्या काउंटीत त्याचे वजन पडू शकते, आणि मोडकेतोडके स्पॅनिश येत असले तरी ते अर्जात नमूद करावे.

काम करण्याची परवानगी

हे पगारी पद आहे, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना अडचण नाही. एल-२ व्हिसावरील (कंपनीने अमेरिकेत बदलीवर आणलेल्या कर्मचाऱ्याच्या) जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून व्हिसाच्या दर्जासोबतच कामाची मुभा मिळते, मात्र तिच्या आय-९४ या देशात प्रवेश केल्याच्या नोंदीवर ती जोडीदार असल्याचा संकेत हवा. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील पतीसोबत आलेल्या स्त्रीला तसे थेट काम करता येत नाही. पतीसाठी ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत मालकाने केलेला आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल, किंवा त्याला सहा वर्षांपुढे एच-१बी मुदतवाढ मिळालेली असेल, तरच ती आय-७६५ हा अर्ज भरून कामाचे परवानापत्र मागू शकते. हा नियम मे २०१५ पासून लागू आहे. ‘पगार घेत नाही, तोपर्यंत नुसती मदत करते’ असे म्हणून या पदावर बसणे धोक्याचे आहे, कारण जे काम इतरांकडून मोबदला देऊन करून घेतले जाते, ते फुकट केले तरी विनापरवाना काम ठरू शकते. परवाना मिळेपर्यंत अनुभव हवा असेल, तर ला लेचे लीगसारख्या, मुळातच स्वयंसेविकांच्या बळावर चालणाऱ्या मातृगटांकडे वळता येते.

अर्ज कोठे आणि कसा

देशभरासाठी एकच अर्ज किंवा एकच संकेतस्थळ नाही. राज्याच्या ‘विक’ कार्यालयाच्या पानावर स्थानिक केंद्रांची यादी असते. आपल्या भागातले केंद्र कोणती संस्था चालवते ते पाहून त्या संस्थेच्या नोकरीविषयक पानावर जाहिरात शोधावी लागते. काउंटीची नोकरी असेल तर तिचा ठरावीक ऑनलाइन अर्ज आणि शेवटची तारीख असते. ना-नफा संस्थेत बहुधा बायोडेटा आणि एक पत्र पुरते. जाहिरात दिसत नसेल, तर केंद्राच्या स्तनपान समन्वयकाला दूरध्वनी करून जागा केव्हा निघणार हे विचारण्यात काही वावगे नाही. या पदासाठी आधी महागडा अभ्यासक्रम केलाच पाहिजे असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर ते साफ नाकारावे, कारण आवश्यक प्रशिक्षण नेमणुकीनंतर कार्यक्रमच देतो.

अर्जात आपण किती मुलांना, किती काळ आणि कोणत्या परिस्थितीत पाजले, असा प्रश्न हमखास असतो. तिथे ‘दोन मुले, अनुभव चांगला’ एवढ्यावर थांबू नये. पहिल्या खेपेला सिझेरियन झाल्यामुळे उशिरा पान्हा फुटला, बाळ नीट तोंड लावेना, कामावर परतल्यावर पंपाने दूध काढून ठेवावे लागले, या गोष्टी मोकळेपणाने लिहाव्यात. सर्व काही सुरळीत पार पडलेल्या आईपेक्षा अडचणीतून वाट काढलेली आई या कामाला अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

कागदपत्रे

रुजू होताना कामाचा हक्क पडताळणाऱ्या आय-९ फॉर्मचा आपला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरावा लागतो, आणि ओळख व कामाचा हक्क सिद्ध करणारी मूळ कागदपत्रे तीन कामकाजी दिवसांत दाखवावी लागतात. ग्रीन कार्ड किंवा कामाचे परवानापत्र यांपैकी एक असले की दोन्ही गोष्टी सिद्ध होतात. नाहीतर वाहनचालक परवाना आणि निर्बंधाचा शेरा नसलेले सोशल सिक्युरिटी कार्ड अशी जोडी चालते. करकपातीचा डब्ल्यू-४ फॉर्म, नातेवाईक नसलेल्या दोन-तीन व्यक्तींची संदर्भासाठी नावे, पार्श्वभूमी पडताळणीची संमती आणि लसीकरणाच्या नोंदी हेही बहुतेक ठिकाणी मागितले जाते. घरभेटी किंवा रुग्णालयभेटी असतील, तर गाडीच्या विम्याचा पुरावाही लागतो.

मराठी उमेदवारांची हटकून अडचण होते ती नावाची. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव आणि वडिलांचे नाव, पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि पतीचे नाव, तर अमेरिकेतल्या एखाद्या कार्डावर मधले नावच गायब, असा प्रकार सर्रास आढळतो. तेव्हा विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवावी, आणि अर्जात नाव कामाच्या परवान्यावर किंवा ग्रीन कार्डवर छापले आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे.

दुसरी अडचण क्षयरोगाच्या चाचणीची. आपल्याकडे लहानपणीच बीसीजीची लस टोचलेली असते, आणि त्यामुळे हातावर टोचून केली जाणारी त्वचाचाचणी क्षयरोग नसतानाही सकारात्मक येऊ शकते. रक्ताच्या आयजीआरए चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. म्हणून दंडावरचा तो व्रण आधीच दाखवून रक्तचाचणीची विनंती करावी, म्हणजे पुढचा एक्स-रे आणि आठवडाभराचा खोळंबा टळू शकतो.

मुलाखत, प्रशिक्षण आणि कामाची मर्यादा

मुलाखतीत वैद्यकीय ज्ञानापेक्षा बोलण्याची पद्धत जोखली जाते. बाळ चार दिवसांचे आहे, घरची मंडळी म्हणतात दूध पुरत नाही, वरचे दूध सुरू कर. अशा आईला तुम्ही काय सांगाल, या धर्तीचा प्रश्न येतो. अपेक्षित उत्तराला तीन पायऱ्या असतात: आधी मोकळा प्रश्न विचारून तिला बोलते करणे, मग तिच्या काळजीला मान देणे, आणि त्यानंतरच माहिती देणे. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते, ही भूक कमी दुधाचीच खूण असते असे नाही, आणि चार-पाच दिवसांनंतर दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील तर ते समाधानकारक लक्षण आहे, एवढे शांतपणे सांगता आले तरी पुरे. अळीवाची खीर आणि डिंकाचे लाडू आपल्या घरात उपयोगी पडले असतील, पण काउन्सेलरच्या खुर्चीत बसून त्यांची हमी देता येत नाही.

नेमणुकीनंतर ‘विक’च्या स्तनपान अभ्यासक्रमाच्या पहिल्या दोन पातळ्या पूर्ण कराव्या लागतात, अनुभवी काउन्सेलरसोबत बसून तिचे काम पाहावे लागते, आणि मातांची माहिती गुप्त ठेवण्याच्या लेखी हमीवर सही करावी लागते. नागरी हक्कांचे प्रशिक्षण दरवर्षी असते. काउन्सेलरने सामान्य स्तनपानापुरतेच मार्गदर्शन करायचे असते. स्तन घट्ट झाल्यामुळे बाळाला तोंड लावता येत नसेल, तर आधी हाताने थोडे दूध काढून पुढचा भाग मऊ करावा, हे ती सांगू शकते. परंतु तापासोबत स्तनावर लाल, दुखरा भाग दिसत असेल, बाळाचे वजन वाढत नसेल, त्याला कावीळ असेल, ते अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा आई कोणते औषध घेत असेल, तर प्रकरण ताबडतोब केंद्राच्या नियुक्त स्तनपान तज्ज्ञाकडे किंवा डॉक्टरकडे सोपवायचे असते. ज्या मातेने पावडरीचे दूध निवडले आहे तिला दोष देणे तर अजिबात बसत नाही; तोच कार्यक्रम तिला पावडरीचे डबेही पुरवत असतो.

काम बहुतेक ठिकाणी अर्धवेळ आणि तासावर पगाराचे असते. केंद्राच्या वेळेबाहेरही उपलब्ध राहणे हा या पदाचा मूळ भाग आहे, त्यामुळे रात्री नऊला फोन येणार हे घरात आधीच बोलून ठेवावे, आणि त्या वेळेची नोंद व मोबदला कसा धरला जातो, हे सही करण्यापूर्वी विचारावे. पुढे आंतरराष्ट्रीय मान्यतेची स्तनपान सल्लागार होण्याचा विचार असेल, तर त्यासाठीच्या परीक्षेला बसण्याच्या पात्रतेच्या मार्गांपैकी पहिल्या मार्गात आरोग्यशास्त्राच्या ठरावीक विषयांसोबत स्तनपानविषयक ९५ तासांचे शिक्षण आणि अर्जाआधीच्या पाच वर्षांतले १००० तासांचे प्रत्यक्ष काम लागते. त्यातले कोणते तास धरले जातील हे आपल्या केंद्राकडून लेखी समजून घ्यावे, आणि तासांची वही पहिल्या दिवसापासून पर्यवेक्षकाच्या सहीनिशी ठेवावी.