सोरा, गंधक आणि कोळसा : नाशिक परिसरातील दारूचा इतिहास

देवळालीच्या तोफखाना विद्यालयात होणारा तोफांचा सराव आणि दिवाळीतील आतषबाजी यांचे मूळ एकाच मिश्रणात आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्या मिश्रणाची, म्हणजे काळ्या दारूची (गनपावडरची), रणांगणावरील मुख्य कामगिरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच संपली आणि त्यानंतर ती प्रामुख्याने उत्सवांच्या आश्रयाने टिकून राहिली, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

या दारूत साधारणपणे ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट हा क्षार), १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतो. कोळसा आणि गंधक हे जळणारे पदार्थ असून त्यांना लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो. म्हणूनच हे मिश्रण बाहेरच्या हवेवाचून, तोफेच्या बंद नळीतही पेट घेते. नवव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये अमरत्वाचे रसायन शोधणाऱ्यांच्या हाती ते लागले आणि १०४४ मध्ये तेथे संकलित झालेल्या युद्धविषयक ग्रंथात त्याच्या कृती नोंदल्या गेल्या. पुढे मंगोल स्वाऱ्या आणि व्यापार यांच्या वाटेने ही विद्या पश्चिमेकडे व भारतात पसरली.

भारतातील दारूचा इतिहास १५२६ च्या पानिपतापासून आणि बाबराच्या तोफांपासून सांगण्याची रीत आहे, पण ती दख्खनला लागू पडत नाही. १४४३ मध्ये विजयनगरला आलेल्या अब्दुर रझ्झाक या इराणी वकिलाने तेथील महानवमीच्या उत्सवातील आतषबाजीचे वर्णन केलेले आहे. नाशिकहून गोदावरीच्या प्रवाहाने खाली गेल्यास लागणाऱ्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात रुक्मिणीस्वयंवर रचले, तेव्हा प्रत्यक्ष श्रीकृष्णाच्या लग्नातही शोभेची दारू उडवली. द्वापरयुगात दारू होती की नव्हती, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. दारूकामावाचून मोठ्या घरचे लग्न त्या काळच्या श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर उभेच राहत नसावे, एवढे त्यावरून म्हणता येते. त्याच शतकात, १५४९ मध्ये, शेजारच्या अहमदनगरला निजामशाहीच्या रूमी (तुर्की) कारागिराने मलिक-ए-मैदान ही सुमारे ५५ टन वजनाची तोफ ओतली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे.

सुट्या घटकांपैकी कोळसा कोठेही पाडता येत असे आणि गंधक विकत मिळे. खरी अडचण सोऱ्याची होती. गोठ्यांतील व जुन्या वस्त्यांतील खारवट माती पाण्यात कालवून, ते पाणी निथळून आणि आटवून सोऱ्याचे खडे काढावे लागत. हे काम बिहारमध्ये सर्वांत मोठ्या प्रमाणावर चाले. डच आणि इंग्रज कंपन्या तो सोरा जहाजे भरून युरोपात नेत आणि १७५७ च्या प्लासीनंतर या व्यापाराची सूत्रे इंग्रजांच्या हाती गेली. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत ब्रिटिश तोफांना दारू कमी पडली नाही, त्यामागे हा बिहारचा सोरा होता.

सोरा नीट शुद्ध झालेला नसेल, तर त्यातील इतर क्षार हवेतील ओल शोषतात आणि दारू सर्द होते. सह्याद्रीच्या पावसात ही चिंता रोजचीच होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या मराठेशाहीतील राजनीतीच्या ग्रंथात दारूखाना घरांपासून दूर असावा आणि ठरावीक दिवसांनी दारू, बाण (दारूचे अग्निबाण) वगैरे बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे, अशी ताकीद आहे. त्र्यंबकसारख्या गडावर आषाढ-श्रावणात ऊन तरी कोठून आणावयाचे, हा प्रश्न किल्लेदारालाच ठाऊक.

नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने शहाबुद्दीनखानाच्या हाताखाली किल्ल्याला वेढा घातला आणि तो कित्येक वर्षे रेंगाळला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा किल्लेदाराने लाकडाचे ओंडके पोखरून, त्यांवर कातडे चढवून तोफा केल्या आणि त्यांतून मारा चालवला, असे मोगलांच्याच बाजूच्या खाफीखानाने लिहून ठेवले आहे. लाकडी नळी थोड्याच बारांत फुटण्याचा धोका असतो हे खरे. परंतु शत्रूच्या इतिहासकाराने केलेली ही नोंद असल्याने ती निव्वळ स्थानिक अभिमानाची दंतकथा म्हणून बाजूला सारता येत नाही.

तोफेपेक्षा सुरुंगाने अधिक निर्णायक काम केल्याचे उदाहरण नाशिककरांच्या रोजच्या नजरेसमोर आहे. गोदाघाटावरील नारोशंकराच्या मंदिरातील घंटा वसईच्या विजयाची खूण मानली जाते. आणि मे १७३९ मध्ये वसईचा कोट पडला, तो मराठ्यांनी तटाखाली पेरलेल्या सुरुंगांमुळे. याच नारोशंकर राजेबहाद्दरांनी मालेगावचा भुईकोट बांधला. १८१८ च्या एप्रिलमध्ये त्र्यंबक आणि भोवतालचे डोंगरी किल्ले थोड्याच दिवसांत इंग्रजांच्या हाती गेले, पण मालेगावच्या अरब शिबंदीने मॅकडॉवेल या इंग्रज सेनानीच्या फौजेला मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत झुंजवले. अखेर तोफेचा गोळा पडून किल्ल्यातील दारूचे कोठारच उडाले आणि तटाचा भाग ढासळला. तटबंदी राखण्यासाठी साठवलेल्या दारूनेच ती पाडली. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक गडांच्या पायऱ्या व दरवाजे इंग्रजांनी सुरुंग लावून उडवले. आज गिर्यारोहकांना अलंग-मदनच्या कड्यांवर दोर लावावे लागतात, ते यामुळेच.

युद्ध आणि उत्सव या जोडीत दारूचा तिसरा उपयोग विसरला जातो. कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीला येणारा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. आल्फ्रेड नोबेलच्या डायनामाइटला १८६७ मध्ये पेटंट मिळाले. म्हणजे या घाटातील बोगद्यांसाठी सह्याद्रीचा काळा पाषाण फोडला, तो छिन्नी-हातोड्याने भोके पाडून त्यांत ठासलेल्या साध्या दारूनेच.

शोभेच्या दारूचे मराठी मुलखातील सर्वांत रसाळ वर्णन पेशव्यांच्या बखरीत आहे. कोट्याचा राजा दिवाळीत दारूची लंका करून हनुमंताकडून ती जाळवतो, असे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितले. तेव्हा पेशव्यांनी तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी करविला, असे बखर म्हणते. आजच्या वाचकाला त्यात लाल-हिरव्या रंगांचा भास होतो, पण तसे रंग तेव्हा नव्हते. काळ्या दारूच्या ज्योतीत पिवळसर, नारिंगी आणि लोखंडाच्या किसाने मिळणारा सोनेरी, एवढ्याच छटा साधत. स्ट्राँशियमचा तांबडा आणि बेरियमचा हिरवा रंग खुलला, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेने तयार केलेल्या पोटॅशियम क्लोरेटचा वापर एकोणिसाव्या शतकात आतषबाजीत रुळल्यावर.

रणांगणावर मात्र काळ्या दारूचे दिवस भरले होते. तिचा धूर तोफेची जागा उघड करी आणि नळीत काजळी साचे. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली व काही वर्षांत सर्व प्रमुख सैन्यांनी तिचा स्वीकार केला. आपोआप भरली जाणारी पिस्तुले तिच्यामुळेच व्यवहार्य झाली, कारण काजळीने त्यांची यंत्रणा लगेच अडकली असती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल याच नव्या पिढीतले होते. भारतीय तोफखाना आपला स्थापनादिन २८ सप्टेंबर मानतो, कारण १८२७ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या गोलंदाज (तोफा डागणाऱ्यांच्या) पलटणीतील एक तुकडी उभी राहिली, जी आजही पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून सेवेत आहे. त्या गोलंदाजांची काळी दारू आजच्या तोफांत उरली आहे ती बहुधा मुख्य भारणीला पेट देण्यापुरती.

फटाक्यांतही तिचा वाटा घटला आहे. बाण, भुईनळे आणि वाती यांत ती अजून असते. सुतळी बाँबमध्ये मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचे मिश्रण भरतात. नाशिकच्या बाजारातील बहुतांश माल तमिळनाडूतील शिवकाशीहून येतो. तेथे १९२० च्या दशकात आगपेट्यांचा धंदा सुरू झाला व त्यातून फटाक्यांचा उद्योग वाढला. १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली या व्यवसायावर सरकारचे नियंत्रण आहे. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलची आवाजमर्यादा १९९९ मध्ये ठरली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेरियमच्या क्षारांना मनाई करून दिवाळीत रात्री ८ ते १० हीच वेळ ठरवून दिली. धूलिकण सुमारे ३० टक्क्यांनी कमी करणारे हरित फटाके नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने त्यानंतर पुढे आणले. विक्रीच्या तात्पुरत्या गाळ्यांना २००८ चे स्फोटक नियम लागू होतात : दोन गाळ्यांत किमान तीन मीटर, वस्तीपासून ५० मीटर अंतर, समोरासमोर तोंडे नकोत आणि एका ठिकाणी ५० पेक्षा अधिक गाळे नकोत. दारूखाना घरांपासून दूर ठेवण्याची अमात्यांची ताकीद आता मीटरमध्ये मोजली जाते आणि तिची तपासणी अग्निशमन दल व पोलीस करतात.