पार्श्वभूमी: गोळीबारानंतरचा कागद

'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली. पथकाने सापळा रचला. शरण येण्यास सांगितले असता आरोपीने पोलिसांच्या दिशेने गोळीबार केला. पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात तो जखमी झाला. रुग्णालयात नेले असता डॉक्टरांनी मृत घोषित केले.'

नव्वदच्या दशकात मुंबईत पेपर वाचणाऱ्यांना पोलीस चकमकीच्या बातमीतली ही वाक्यं जवळजवळ पाठ होती. नाव आणि ठिकाण बदलायचं, मजकूर तोच. पोलिसाने बळ वापरलं तर का वापरलं ते त्याने लिहून द्यावं, हा नियम मुळात त्याचा हात आवरण्यासाठी आला. त्याच नियमातून हात झटकण्याचा साचा कसा तयार झाला, याची ही पार्श्वभूमी.

कायदा जुना आहे. 1860 च्या दंड संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क दिला, तोही बचावाला लागेल तेवढ्याच इजेपुरता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 46 ने अटकेसाठी आवश्यक ते सर्व उपाय करण्याची मुभा दिली. पण ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही, असंही बजावलं. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये आहे. 'आवश्यक' म्हणजे किती, हे मात्र कायदा मोजून देत नाही. ते ठरतं प्रसंगावरून, आणि प्रसंग कळतो तो बहुतेकदा पोलिसांनीच लिहिलेल्या कागदावरून. सगळी अडचण इथेच आहे.

13 एप्रिल 1919 ला जालियनवाला बागेत 1650 फैरी झाडल्या गेल्या. हा नेमका आकडा इतिहासात राहिला, कारण वापरलेल्या काडतुसांचा हिशेब झाला होता. चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे जनरल डायरने काही लपवलंही नाही. गोळीबार न करता जमाव कदाचित पांगवता आला असता, हे त्याने मान्य केलं. पण मग लोक परत आले असते आणि आपल्याला हसले असते, असं त्याचं उत्तर होतं. त्यानंतर 'कमीत कमी बळ' हे तत्त्व सरकारी कागदावर ठळकपणे आलं.

स्वतंत्र भारतात या तत्त्वाचं कामकाजाच्या नियमांत रूपांतर झालं ते 1964 मध्ये. राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने बेकायदा जमावाविरुद्ध बळ वापरण्याचे आदर्श नियम मंजूर केले. ते आजही मुद्दाम वाचावेत असे आहेत. आधी इशारा द्यायचा. गोळी झाडायचीच वेळ आली तर नेम खाली धरायचा. जमावाच्या डोक्यावरून किंवा हवेत गोळी झाडायची नाही, कारण ती कुठे, कुणाला लागेल याचा भरवसा नसतो. ('पोलिसांनी हवेत गोळीबार केला' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचतो की ते संयमाचं लक्षण वाटू लागतं. नियमांना तेच मंजूर नाही.) आणि यातला सर्वांत मोलाचा भाग लिहिण्याबद्दलचा: घटना, आदेश आणि कारवाई यांची वेळेसह अचूक नोंद ठेवायची, संबंधित अधिकाऱ्यांनी आपापला अहवाल द्यायचा, झाडलेल्या आणि उरलेल्या काडतुसांचा मेळ घालायचा.

त्यामागचा विचार साधा आहे. बंदोबस्ताला निघताना शस्त्रागारात रायफलचा क्रमांक आणि काडतुसं नोंदवून मिळतात. परत आल्यावर शिल्लक काडतुसं मोजून द्यायची, रिकाम्या पुंगळ्याही दाखवायच्या. सायंकाळी कुणी काहीही सांगितलं तरी सकाळचा आकडा बदलत नाही. एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या अशा नोंदी जुळवून पाहता येतात, हीच या नियमांची ताकद.

पण हवालदार-फौजदार लिहायला शिकतात कुठे? कलमं, कवायत आणि गोळीबाराचा सराव प्रशिक्षण केंद्रात होतो. फिर्यादीची भाषा बरीचशी ठाण्यात शिकली जाते, रायटरच्या (ठाण्यातली लिखापढी करणाऱ्या पोलिसाच्या) शेजारी बसून, जुना कागद समोर ठेवून. कोर्टात टिकलेला मजकूर पुढच्या वेळी नमुना होतो. 'सौम्य लाठीमार' हा शब्द असाच रुळला. डोकं फुटलेल्या माणसाच्या केस पेपरवर 'सौम्य' कुठेच नसतं.

1997 च्या 11 जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचं सकाळी दिसलं. लोक महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या, 10 जणांचा जीव गेला. जमाव महामार्गावरचे गॅसचे टँकर पेटवणार होता, मोठा अनर्थ टाळण्यासाठी गोळीबार करावा लागला, असं समर्थन पुढे आलं. वस्तीने ते पहिल्या दिवसापासून नाकारलं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही टँकरची गोष्ट मानली नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. पथकाच्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने 2009 मध्ये जन्मठेप सुनावली. बारा वर्षं. तेवढा काळ त्या घरांना आपली माणसं टँकर पेटवायला गेली नव्हती, हे सिद्ध करत राहावं लागलं. यातलं क्रौर्य मला गोळीबाराहून कमी वाटत नाही.

त्याच वर्षी, 29 मार्चला, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती व्यंकटचलय्या यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून चकमकीतील मृत्यूंची चौकशी कशी व्हावी हे कळवलं होतं. मुंबईत 1995 ते 1997 दरम्यानच्या 99 चकमकींत सुमारे 135 माणसं मारली गेली, असा तपशील पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेतून न्यायालयापुढे आला. त्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी सोळा निर्देश दिले: मिळालेली बातमी आधीच लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवायची, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्यायचा, शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचं व त्याचं चित्रण करायचं, वापरलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची, चकमकीनंतर लगोलग शौर्यपदक किंवा बढती द्यायची नाही. थोडक्यात, ज्याने गोळी झाडली त्याच्याच हाती लेखणी ठेवायची नाही.

दुसरा कागद असला की काय होतं, ते लखनभैया या कथित गुंडाच्या प्रकरणात दिसलं. 11 नोव्हेंबर 2006 ला दुपारी त्याला वाशीतून उचललं. त्याच्या वकील भावाने पोलीस आयुक्त आणि इतरांना तारा व फॅक्स पाठवून ते कळवलं. रात्री वर्सोव्याला चकमक झाल्याची पोलिसांची फिर्याद नोंदली गेली. तारेवर वेळ होती, आणि ती चकमकीच्या आधीची होती. 2013 मध्ये 13 पोलिसांना जन्मठेप झाली. मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने खालच्या कोर्टातून सुटलेल्या एका अधिकाऱ्यालाही दोषी धरलं. हे अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले.

सोळा निर्देशांना बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, 23 सप्टेंबर 2024 ला, बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत मारला गेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. बळाचा वापर समर्थनीय नव्हता असा त्याचा निष्कर्ष होता. हिसकावलेल्या म्हटलेल्या पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नव्हते.