लाटण्याने नडगी लोखंडाची होत नाही

मागच्या महिन्यात संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कराटेच्या क्लासची चार-पाच मुलं नडग्यांवर लाटणं फिरवताना दिसली. घरून आणलेलं पोळ्यांचं लाटणं, दातओठ खाऊन वरखाली. त्यांत माझा भाचाही होता. विचारलं तर म्हणाला, "मामा, हाडाला बारीक तडे गेले की भरून येताना ते दुप्पट मजबूत होतं. तीस दिवसांत नडगी लोखंडाची!" हे त्याने कुठल्याशा रीलमध्ये पाहिलं होतं. मुलगा मेहनती आहे, ब्राऊन बेल्टपर्यंत कुणाच्या ढकलण्याशिवाय पोहोचलाय. त्याची मेहनत चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून हा लेख.

त्याच्या म्हणण्यातलं अर्धं खरं आहे. हाड वापराप्रमाणे स्वतःला घडवतं, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ साली मांडलं. लहानपणापासून खेळणाऱ्या टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हाताचं दंडाचं हाड दुसऱ्या हातापेक्षा स्पष्ट जाड भरतं. पण तड्यांचं काय?

हाड म्हणजे खडू नव्हे. त्याच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी राहतात. हाडातल्या दर दहा पेशींपैकी नऊ याच. प्रत्येक पेशी आपल्या इवल्याशा कोनाड्यात बसलेली असते आणि तिचे केसाहूनही बारीक तंतू नलिकांमधून शेजारणीपर्यंत पोहोचलेले असतात. या नलिकांत द्रव असतो. आपण उडी मारली की नडगीचं हाड किंचित वाकतं. किती? मीटरभर लांबीच्या सळीला एक-दोन मिलिमीटरचा ताण बसावा, त्या प्रमाणात. एवढ्यानेही नलिकांतला द्रव पिळल्या जाणाऱ्या स्पंजातल्या पाण्यासारखा सरकतो आणि त्याचं घासणं पेशींना जाणवतं. एरवी ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडून हाड बांधणाऱ्या पेशींना थोपवून धरतात. द्रव सरकला की स्क्लेरोस्टिन कमी होतं, बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, मोकळ्या होतात आणि जिथे ताण जास्त पडला तिथे पृष्ठभागावर नवा थर चढवू लागतात. यात कुठेही तडा लागत नाही. लाटण्याने तर हाड वाकतच नाही. दुखतं ते हाडावरचं नाजूक, नसांनी भरलेलं आवरण. पुढे ते दुखणं कमी झालं, तरी ती बरीचशी सवय असते. आत हाड तयार झाल्याचा तो पुरावा नव्हे.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १९८४ साली रुबिन आणि लॅनियन यांनी कोंबड्यांच्या पंखातल्या, वापर बंद केलेल्या हाडावर रोज मोजून दाब दिले. दिवसाला ४ दाबांत हाडाची झीज थांबली. ३६ दाबांत सहा आठवड्यांत हाड चांगलंच वाढलं. मग त्यांनी दाब १८०० केले. ३६ ने जेवढं वाढलं त्यापेक्षा जास्त काही मिळालं नाही! पुढे इंडियाना विद्यापीठात रॉब्लिंग, टर्नर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. दिवसाचे ३६० दाब एका दमात देण्यापेक्षा ९०-९० चे चार हप्ते केले, तर हाड जास्त मजबूत झालं. कारण ऑस्टिओसाइट पहिले काही दाब ऐकतात आणि मग बहिरे होतात. कान पूर्ववत व्हायला उंदरांत सुमारे आठ तास लागले. माणसाचा नेमका आकडा वेगळा असेल, पण तत्त्व तेच. रविवारी तीन तास घाम गाळून सोमवार ते शनिवार सुट्टी घेणाऱ्याच्या हाडाने रविवारची पहिली काही मिनिटंच ऐकलेली असतात.

तडे जात नाहीत असं मात्र नाही. अति झालं की सूक्ष्म तडे पडतात, तिथल्या ऑस्टिओसाइट मरतात आणि त्यांच्या निरोपावर हाड पोखरणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, येतात. दुरुस्तीची ही पद्धत मुंबईकराला सांगायला नको: आधी खोदायचं, मग भरायचं. खोदकाम दोन-तीन आठवडे, भराई तीन-चार महिने. रस्त्याच्या काँक्रीटलाही पूर्ण ताकदीसाठी २८ दिवस धरतात, हे तर हाड आहे. या मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं, आणि भरून आलं तरी मूळपदावर येतं, दुप्पट होत नाही. नवा थर चढवणं हे खातं वेगळं आणि तडा बुजवणं हे खातं वेगळं. रीलवाल्याने दोन्ही एकत्र केली आहेत.

त्यातच मज्जासंस्था आणि स्नायू आठवड्यांत तयार होतात. महिनाभरात किक जोरकस होते, हाड अजून खोदकामातच. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली संचलन करणाऱ्या सैनिकांच्या सुजऱ्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली. ती हाडं चिरलेली होती हे एक्स-रे आल्यावर कळलं. आजही नव्या भरतीच्या जवानांना असा ताणभंग (स्ट्रेस फ्रॅक्चर) बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच गाठतो.

पांढरा पट्टा वर्षानुवर्षं मळून काळा झाला, ही क्लासात सांगितली जाणारी गोष्टही निराधार आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये पहिले 'दान', म्हणजे तरबेजांचा दर्जा, दिले; ती श्रेणीची कल्पना 'गो' या पटावरच्या खेळात आधीपासून होती. काळा पट्टा ही त्याच श्रेणीची खूण, आणि जपानमध्ये तो अभ्यासाची सुरुवात मानला जातो. तीन महिन्यांत ब्लॅक बेल्टची जाहिरात पाहिली की मला राग येतो, कारण तेवढ्यात एक खड्डाही धड भरत नाही.

भाच्याला मी सकाळी शाळेआधी दोरीवरच्या चाळीस उड्या आणि संध्याकाळी क्लासमध्ये चाळीस, एवढंच सांगितलं. पॅडवरच्या किक सरांच्या देखरेखीखाली, दर दोन-तीन आठवड्यांनी थोड्या वाढवायच्या. हे ऐकून तो जरा घुटमळला आणि म्हणाला, डाव्या नडगीवर एकाच जागी बोटाने दाबलं की कळ येते, हल्ली रात्रीही ठणकतं. नडगीभर पसरलेलं दुखणं वेगळं, आणि असं एका बोटात सापडणारं वेगळं. ताणभंग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर अनेकदा दिसतच नाही, एमआरआयवर दिसतो. उड्या सध्या बंद. उद्या सकाळी त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेतो आहे.