शिडाच्या नौकेशी रेडिओ संपर्क (सोलापुरातून)

किनारा सोडून खोल समुद्रात गेलेल्या शिडाच्या नौकेने जमिनीवरच्या केंद्राशी ठरल्या वेळी बोलण्याची बिनतारी व्यवस्था. सोलापूर कोकण किनाऱ्यापासून पावणेतीनशे किलोमीटर आत आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही इथल्या परवानाधारक हॅमला, म्हणजे हौशी रेडिओचालकाला, घराच्या गच्चीवर ताणलेल्या तारेतून अरबी समुद्रातली नौका ऐकू येऊ शकते.

नौकेवरचा रोजचा संच व्हीएचएफचा, म्हणजे अति उच्च फ्रिक्वेन्सीचा असतो. तो 25 वॅटचा असतो आणि हाक मारण्यासाठी त्यावर चॅनेल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, वापरतात. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यामुळे सोळा-सोळा मीटर उंचीच्या डोलकाठ्यांच्या दोन नौका तीसेक किलोमीटरपर्यंतच बोलू शकतात. जवळच्या मालवाहू जहाजाला सावध करायला हा संच हवाच, पण दूरच्या संपर्काला त्याचा उपयोग नाही.

त्यासाठी एचएफ, म्हणजे उच्च फ्रिक्वेन्सीचा संच लागतो. 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून हजारो किलोमीटर दूर उतरतात. मात्र नौका आणि जिथे लहर उतरते ती जागा यांच्यामध्ये एक मुका पट्टा राहतो. म्हणून भर दुपारी 14 मेगाहर्ट्झवर रत्नागिरीपुढची नौका सोलापुरात बहुधा ऐकूच येत नाही, आणि सेशेल्सकडची स्वच्छ येऊ शकते. जवळच्या नौकेसाठी दिवसा 7 मेगाहर्ट्झवर उतरावे लागते. नवख्यांना संच बिघडला असे वाटते ते इथेच.

संच महाग घेतला तरी खरे काम अँटेना, अर्थिंग आणि बॅटरी यांवर चालते. डोलकाठीला मागून धरणाऱ्या पोलादी तारेत वर-खाली दोन इन्सुलेटर घालून मधला भाग अँटेना म्हणून वापरतात. खालचा इन्सुलेटर हात पोचणार नाही इतका उंच ठेवतात, कारण प्रक्षेपण चालू असताना तार शिवली तर कातडी भाजते. संच आणि तार यांचा मेळ घालणारा ट्यूनर तारेच्या पायथ्याशी बसवतात आणि तिथून तांब्याची रुंद पट्टी तळाशी, समुद्राच्या पाण्याला टेकलेल्या धातूपर्यंत नेतात. खारे पाणी उत्तम अर्थिंग देते, पण तेच जोडण्या पोखरते. 100 वॅटचा संच बोलताना 12 व्होल्टच्या बॅटरीतून वीसेक अँपिअर ओढतो. वायर बारीक असेल तर विजेचा दाब घसरतो आणि आवाज फाटतो.

सोलापूरच्या बाजूला अडचण खरखरीची. यंत्रमागांच्या मोटारी, स्वस्त एलईडी दिवे आणि एप्रिल-मेमधला वळवाचा कडकडाट यांत क्षीण आवाज बुडून जातो. 14 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 10 मीटर आणि 7 साठी 20 मीटर तार विजेच्या तारांपासून शक्य तितकी दूर बांधावी. संपर्काची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठरवतात. आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास असते.

प्रक्षेपणाला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. हॅम पट्ट्यावर बोलायचे तर नौकेवरच्या माणसाकडेही हॅम परवाना हवा. सागरी पट्टे वेगळे, त्यांचा परवानाही वेगळा. उपग्रह फोनला भारतात परवानगी घ्यावी लागते.

डोलकाठी पडली की तिच्यावरचे सारे अँटेनाही जातात. 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या ‘तुरिया’ या नौकेची डोलकाठी वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. त्यांची अवस्था जगाला कळली ती उपग्रहावरून आलेल्या त्रोटक संदेशांतून; पुढे ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. म्हणूनच 406 मेगाहर्ट्झचे संकट-बीकन (उपग्रहाला संकटाची खूण पाठवणारे यंत्र), हातातला व्हीएचएफ आणि एक सुटी तार वेगळी बांधून ठेवावी, असे या लेखकाचे ठाम मत आहे.

सोलापुरात बसून संकटाची हाक ऐकू आली तर आधी वेळ, नौकेचे नाव, अक्षांश-रेखांश आणि माणसांची संख्या लिहून घ्यावी, आणि लगेच तटरक्षक दलाला 1554 वर कळवावे. तोवर ती फ्रिक्वेन्सी सोडू नये.