उमेदवारीची सात वर्षं आली कुठून

नवीन पोरगा कामाला लागला की पहिले काही महिने झाडू मार, पाना दे, मशीन पूस एवढंच चालतं. त्याला वाटतं आपल्याला कोणी शिकवतच नाहीये, मिस्त्रीला वाटतं याच्या हातात जॉब (घडवायचा तुकडा) दिला तर माल भंगारात जाणार. दोघांचंही खरंय, आणि हे भांडण पावणेचार हजार वर्षं तरी जुनं आहे.

बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात, म्हणजे इसवीसनापूर्वी साधारण १७५० मध्ये, चक्क यावर कलम आहे. कारागिराने मूल सांभाळायला घेतलं आणि आपला धंदा शिकवला तर ते कोणाला परत मागता येणार नाही, पण शिकवलाच नाही तर पोरगा परत बापाच्या घरी जाऊ शकतो. पुढे रोमन काळातल्या इजिप्तमध्ये इ.स. ६६ चा एक करार सापडलाय, ट्रायफॉन नावाच्या विणकराने आपला मुलगा वर्षभरासाठी दुसऱ्या विणकराकडे शिकायला ठेवला (स्वतः विणकर असून! घरचं पोर बापाचं ऐकत नाही हे तेव्हाही असणार) आणि त्यात लिहिलंय की पोराने जितके दिवस दांड्या मारल्या तितके नंतर भरून द्यायचे, नाहीतर दिवसाला एक द्राख्मा (तिथलं चांदीचं नाणं) द्यायचा.

धंदा शिकायला उस्तादाकडे सात वर्षं उमेदवारी केलीच पाहिजे हा कायदा इंग्लंडचा, १५६३ चा. करार एकाच चामडी कागदावर दोनदा लिहायचे आणि मधून वाकडातिकडा दातेरी कापायचे, अर्धा उस्तादाकडे अर्धा पोराच्या घरी, वाद झाला की दाते जुळवून बघायचे. अशा कराराला इंग्रजीत इंडेंचर म्हणतात, तो शब्द त्या दातांवरूनच आलाय. आता सात वर्षं कशाला, तर सुरुवातीला पोरगा नुकसानच करतो, हात बसल्यावर फुकटात राबतो, तेव्हा उस्तादाची वसुली होते. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन बाराव्या वर्षी भावाच्या छापखान्यात लागला तो एकविशीपर्यंतच्या करारावर, आणि कारागिराचा पगार फक्त शेवटच्या वर्षी मिळणार होता. १७२३ मध्ये तो पळून गेला.

१७७६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने सरळ लिहिलं की एवढी वर्षं लागतच नाहीत, काम समजावून सांगायला काही आठवडे पुरे, पहिल्यापासून पगार द्या आणि बिघडवलेल्या मालाचे पैसे त्याच्याकडून घ्या. समजावण्यापुरतं पटतं. कानस (धातू घासायची दातेरी पट्टी) मारायची तर पुढे जाताना दाब, मागे येताना सैल, अर्ध्या मिनिटात सांगून होतं. पण पुढे सरकताना डाव्या हाताचा दाब कमी करत उजव्याचा वाढवत न्यायचा असतो, तो चुकला की कडा उतरतात आणि मधे फुगवटा राहतो, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरला की फट दिसते. हाताला सराव लागतो हे स्मिथनेही मान्य केलंच होतं म्हणा, फक्त तो सराव पगार घेऊन होऊ दे एवढंच त्याचं म्हणणं.

इंग्लंडमधली सक्ती १८१४ मध्ये गेली. जर्मनीने १९६९ च्या कायद्यात शिकाऊ पोराला भत्ता द्यायचा आणि तो दरवर्षी वाढलाच पाहिजे असं घातलं, शिवाय त्याला शिकण्याच्या उपयोगाचीच कामं द्यायची हेही लिहिलं. आता झाडू मारणं त्यात बसतं का, हे मिस्त्रीला विचारलंत तर एक उत्तर मिळेल आणि पोराला विचारलंत तर दुसरं.