दरखास्त (दिवाणी हुकूमनाम्याची बजावणी)

दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची बजावणी व्हावी म्हणून जिंकलेल्या पक्षकाराने केलेला अर्ज, आणि त्या अर्जावर पुढे चालणारे काम, या दोहोंना महाराष्ट्रातील कोर्टांत ‘दरखास्त’ म्हणतात. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘विनंती’ असा आहे. दावा जिंकल्यावर वादीच्या हाती पैसे येत नाहीत. प्रतिवादीने अमुक रक्कम द्यावी असे सांगणारा कागद, म्हणजे हुकूमनामा, येतो, आणि त्याने ती आपणहून भरली नाही तर न्यायालय स्वतः होऊन वसुलीस निघत नाही. भारतातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८७२ मध्येच दरभंगा राज या बिहारमधील जमीनदारीच्या प्रकरणात म्हटले होते.

या कामाचे नियम दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या कलम ३६ ते ७४ मध्ये आणि विस्ताराने आदेश २१ मध्ये आहेत. पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांच्या आत दाखल करावी लागते, आणि हुकूमनामा दोन वर्षांहून जुना असेल तर ऋणकोला, म्हणजे हुकूमनाम्याप्रमाणे पैसे देणे असलेल्या पक्षकाराला, आधी नोटीस काढली जाते. मूळ निकाल बरोबर होता की चूक, यात दरखास्तीचे न्यायालय शिरत नाही. ऋणकोचे काय कोठे आहे हे शोधण्याचा भार मात्र हुकूमनामाधारकावरच असतो: सातबारा, बँकेचे खाते, नोकरीचे ठिकाण हे सारे त्यानेच दाखवून द्यायचे. न्यायालय ऋणकोकडून मिळकतीचे प्रतिज्ञापत्र मागवू शकते. पण खरी माहिती बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडूनच मिळते.

जंगम मालाच्या जप्तीसाठी भत्ता भरला की वॉरंट बेलिफाकडे, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, जाते. सूर्यास्तानंतर त्याला घरात शिरता येत नाही. दिवसा जाऊन तो पंचांसमक्ष जिनसांची यादी करतो. पण अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचारानुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्रासारखे, कलम ६० खाली वगळावे लागतात. एवढे वगळल्यावर साध्या घरात टीव्ही आणि कपाटाखेरीज फारसे उरत नाही, आणि ‘मिळकत मिळून आली नाही’ असा शेरा घेऊन वॉरंट परत येते.

त्यामानाने पगाराची जप्ती खात्रीची. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग सोडून बाकीचा पगार जप्त होतो. म्हणजे जप्तीस पात्र पगार ४०,००० रुपये असेल तर महिन्याला १३,००० रुपये. एकाच हुकूमनाम्यासाठी ही कपात २४ महिन्यांपलीकडे चालत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र पगाराचा एक-तृतीयांश भागच सुरक्षित राहतो.

जमीन किंवा घर जप्त करताना मिळकतीजवळ दवंडी पिटवून हुकूम जाहीर करतात. लिलाव पुकारला की सर्वांत जास्त बोली करणाऱ्याने २५ टक्के रक्कम जागीच आणि बाकीची १५ दिवसांत भरायची असते. तरीही वसुलीची रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के असे पैसे ६० दिवसांत भरून लिलाव रद्द करून घेण्याची संधी ऋणकोला मिळते.

कर्जापायी तुरुंगवास हा दख्खनमधील शेतकऱ्यांच्या जुन्या रोषाचा विषय होता. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे मे १८७५ मध्ये दंगा उसळला, सावकारांचे रोखे जाळले गेले, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कैद करणे बंद केले. आजही ५,००० रुपयांवरील हुकूमनाम्यासाठी तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, स्त्रीला मात्र नाही. केवळ गरिबीमुळे पैसे देता न येणाऱ्याला तुरुंगात घालता येणार नाही, त्याची नियत खोटी असल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीज खटल्यात १९८० मध्ये स्पष्ट केले. शिवाय कैद भोगल्याने देणे फिटत नाही.

पुष्कळ दरखास्ती हप्ते बांधून आपसांत मिटतात. मात्र न्यायालयाबाहेर दिलेल्या पैशांची न्यायालयात नोंद झाली नाही, तर दरखास्त चालवणारे न्यायालय ती फेड जमेस धरत नाही, आणि अशी नोंद करून घेण्यासाठी ऋणकोला अवघी ३० दिवसांची मुदत आहे.