आदण उतरायला किती वेळ?

डिसेंबरात कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका ओळखीच्या गुऱ्हाळावर गेलो होतो. सोबत दहावीतली भाची. सराव परीक्षा तोंडावर, म्हणून विज्ञानाचं पुस्तकही बरोबर आलं होतं. काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, नुकताच रस ओतला होता, चुलवाणात चिपाडं ढकलली जात होती. एका वेळी काहिलीत उकळणाऱ्या रसाला आदण म्हणतात. मी गूळ करणाऱ्या गुळव्याला विचारलं, ‘‘हे आदण कधी उतरंल?’’ तो मळी काढता काढताच म्हणाला, ‘‘तीन तास धरा.’’ भाचीला विचारलं, ‘‘आणि तुझा धडा?’’ ती म्हणाली, ‘‘मामा, तासाभरात संपवतो की.’’ (आमच्याकडे मुलीही ‘संपवतो’च म्हणतात.)

पावणेतीन तासांनी काहील उतरली. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ तेव्हा निम्म्यावर होतं. आणि ती त्या सगळ्या वेळात खरोखर अभ्यास करत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मुलांना आपण ‘वेळ वाया घालवू नकोस’ असं सांगतो. पण तिनं वेळ वाया घालवलाच नव्हता. तिचा अंदाज चुकला होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि घराघरांत भिंतीवर डकवलेली वेळापत्रकं तिसऱ्या दिवशी कोलमडतात ती बहुतेक दुसऱ्या कारणानं, असं माझं मत झालं आहे.

या चुकीला विज्ञानात नाव आहे: नियोजनभ्रम. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी ते १९७९ मध्ये दिलं. काहनेमन स्वतःही त्यात सापडले होते. १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये त्यांचा गट शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होता. विषय होता योग्य निर्णय कसे घ्यावेत. गटातल्या प्रत्येकानं आपापला अंदाज कागदावर लिहिला. सगळ्यांचे आकडे दीड ते अडीच वर्षांच्या आसपास आले. मग गटातल्याच अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारलं, की अशाच इतर गटांना किती वेळ लागला होता? त्याला आठवलं, की बऱ्याच जणांनी काम अर्ध्यावर सोडलं आणि ज्यांनी पुरं केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. हे त्याला आधीपासून माहीत होतं. तरीही स्वतःचा अंदाज लिहिताना ते त्याच्या मनात आलंच नाही. पुस्तक पूर्ण व्हायला अखेर आठ वर्षं लागली.

विद्यार्थ्यांवरचा प्रयोग तर आणखी बोलका आहे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. ‘समजा सगळंच बिघडत गेलं तर?’ ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला.

असं का होतं? काम समोर आलं, की आपलं मन त्याची गोष्ट रचतं: पुस्तक उघडलं, वाचलं, गणितं सोडवली, मिटलं. या गोष्टीत लाईट जात नाही, पाहुणे येत नाहीत, अपवर्तनांकाचं गणित तीनदा चुकत नाही. मागच्या वेळी उशीर झाला होता, हे आठवलं तरी ‘तेव्हा ताप होता’, ‘तेव्हा लग्न होतं’ म्हणून आपण तो अनुभव बाजूला काढून ठेवतो. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज बांधताना मात्र आपण इतकी सूट देत नाही. गुळव्या रसाकडे बघून भविष्य सांगत नव्हता. त्याच्या पाठीशी शेकडो आदणं होती, तो त्यांच्याकडे बघून बोलत होता. भाची फक्त समोरच्या धड्याकडे बघत होती.

म्हणून परत आल्यावर आम्ही वेळापत्रक केलंच नाही. एक चाळीस पानी वही घेतली आणि तीन रकाने आखले: काम, वाटतं किती, लागले किती. पंधरा दिवस काहीही सुधारायचं नाही, फक्त नोंद करायची. पहिल्या आठवड्यातच दिसलं, की इतिहासाचा अंदाज जवळपास बरोबर येतो आणि भूमितीला दुपटीहून जास्त वेळ लागतो. दुसरं म्हणजे ‘धडा’ हे एक काम नसतं. वाचन, व्याख्या, आकृत्या, सोडवलेली उदाहरणं, स्वाध्याय असे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेळ वेगळा लिहिला, की बेरीज आपोआप खऱ्याच्या जवळ जाते. हाही प्रयोगांनी तपासलेला परिणाम आहे.

वेळ किती लागतो हे कळलं, की तो कुठं घालायचा हा प्रश्न येतो. इथं कोल्हापूरकराला वेगळं शिकवायची गरज पडू नये. शाहू महाराजांच्या काळापासून या गावात तालमी नांदल्या, १९१२ पासून कुस्तीचं खासबाग मैदान आहे. आठवड्याचे जोर-बैठका रविवारी एकदम मारून कोणी पैलवान झालेला इथं कुणी पाहिला आहे का? स्मृतीचंही तसंच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठांतर पहिल्या तासाभरातच वेगानं निसटतं, मग निसटण्याचा वेग मंदावतो, हे त्यानं मोजून दाखवलं. त्याला असंही दिसलं, की तेवढीच उजळणी काही दिवसांत विभागली तर जास्त टिकते. एका बैठकीत तीन तास करण्यापेक्षा तीन दिवस एकेक तास केलेला बरा. वेळ तेवढाच, पदरात जास्त पडतं.

उजळणी कशी करायची, हेही महत्त्वाचं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं होतं, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. पुन्हा वाचताना ‘हे येतंय मला’ असं वाटतं, आणि त्या वाटण्यावरच मुलं फसतात. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिणं त्रासाचं आहे. त्या त्रासातच स्मृती घट्ट होते.

मोबाईलबद्दल पालक पुरेसं बोलतात, मी एवढंच जोडतो: एका कामातून दुसऱ्यात उडी मारली, तरी लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो. म्हणून ‘दोनच मिनिटं’ ही दोन मिनिटांची राहत नाहीत. आणि ‘संध्याकाळी अभ्यास करीन’पेक्षा ‘जेवणाचं ताट उचललं, की भूमितीची वही उघडीन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. अशा ‘जर-तर’ निश्चयांवरच्या ९४ चाचण्यांचा आढावा २००६ मध्ये घेतला गेला, त्यातून हेच दिसलं.

झोपेबद्दल मात्र मला भांडून सांगायचं आहे. वेळ कमी पडला, की पहिला घाव तिच्यावर पडतो. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढं सरकतं. झोपेची वेळ झाली हे शरीराला कळवणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला साडेनऊला झोप येत नाही, तो आळस किंवा हट्ट नसतो. पण गरज मात्र कमी होत नाही. १३ ते १८ वयासाठी तज्ज्ञ ८ ते १० तास सांगतात. अकराला डोळा लागला आणि पहाटे साडेपाचला क्लाससाठी उठवलं, तर साडेसहाच तास होतात. दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात त्या झोपेचा मोठा वाटा असतो, तेव्हा आपण कापतो ते अभ्यासातूनच. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं, हे चांगलंच झालं. पण घड्याळ सरकण्याचा खरा त्रास सुरू होतो तो आठवी-नववीत, आणि त्या मुलांचा विचार अजून व्हायचा आहे. तालमीत मेहनतीनंतर पैलवानाला झोपू देतात. तिथं त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

भाचीच्या वहीत आता दीड महिन्याच्या नोंदी आहेत. पहिल्या पानावर समरूपतेच्या स्वाध्यायापुढं ‘वाटतं’ एक तास, ‘लागले’ अडीच. परवा वर्तुळाच्या स्वाध्यायाला बसण्याआधी तिनं मागची पानं चाळली, थोडा विचार केला आणि लिहिलं: सव्वादोन. लागले दोन तास वीस मिनिटं. दहाला पुस्तकं आवरून ती झोपायला गेली.